पात्र मारण्याआधी बदली करून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाडकं पात्र मारताना लेखकाला होणाऱ्या त्रासावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेखक रडतो, त्याला जेवण जात नाही, हे सगळं त्यात आलं आहे आणि ते खोटं नाही. पण सध्या दिवाळी अंकांच्या कथा लिहून होण्याचे दिवस आहेत. त्यांतल्या बऱ्याच कथांत शेवटच्या पानावर कुणीतरी दगावतं आणि लेखकाच्या त्या रडण्यानेच पान ओलं होऊन फाटतं. ते आवरायचं कसं, यावर लेखात एक ओळही नव्हती.

आधी बदलीची परीक्षा घ्यावी. मरणाऱ्या पात्राची गडचिरोलीला बदली केली किंवा त्याला मुलाकडे पुण्याला धाडलं, तरी पुढची पानं तशीच उभी राहतात का? राहत असतील तर बदलीच करा, माणूस वाचेल. ‘एकच प्याला’ नाटकातल्या सिंधूची अशी बदली करता येत नाही. वकिलीची सनद गेल्याच्या अपमानात तिच्या नवऱ्याने, सुधाकरने, दारूचा पहिला प्याला उचलला, तिथूनच तिचं मरण सुरू झालेलं असतं. हे नाटक लिहिणारे राम गणेश गडकरी आपल्याच नागपूर जिल्ह्यात, सावनेरला, जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक पुढच्या महिन्यात रंगमंचावर आलं.

मरण टळत नाही असं ठरलं की लेखकाचा जीव अडकतो. त्याची खूण सोपी आहे. पात्राचा स्वभाव अचानक गोड होतो. जन्मभर चहात साखर मोजून घालणारे काका शेवटच्या आठवड्यात नातवंडांना नोटा वाटतात, वैऱ्याला बोलावून घेतात आणि धाप लागलेली असताना दीड पान बोलतात. हा निरोप लेखकाचा असतो, काकांचा नव्हे. तो वेगळ्या कागदावर घ्यावा. त्या पात्राचा एक साधा मंगळवार, दोन पानं, छापायचा नाही या बोलीवर लिहून काढावा. जे प्रेम आहे ते सगळं तिथे ओतावं. मृत्यूचा प्रसंग त्यानंतर एका बैठकीत लिहावा, पंधरा दिवस बंद ठेवावा आणि उघडल्यावर आधी पहिला व शेवटचा परिच्छेद कापून बघावा. बहुतेक वेळा कुणाला पत्ता लागत नाही.

लांबलचक मालिका लिहिणाऱ्यांनी तर हा प्रसंग आधीच लिहून ठेवावा. अगाथा ख्रिस्तीने आपल्या पॉइरो या गुप्तहेराचा शेवट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवला होता, तो छापला १९७५ मध्ये. मधली तीस वर्षं ती त्याच्या नव्या कथा लिहीतच होती. याउलट कॉनन डॉयलने कंटाळून शेरलॉक होम्सला १८९३ मध्ये धबधब्यात लोटलं, पण प्रेत दाखवलं नाही, आणि १९०३ मध्ये त्याला जिवंत परत आणावं लागलं. प्रेत न दाखवता मारलेलं पात्र वाचक मेलेलं धरत नाहीत.

तीन हजार शब्दांच्या कथेत प्रत्यक्ष मरणाला दीडशे शब्द पुष्कळ झाले. मागे राहिलेल्यांना सहाशे द्यावेत. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ नाटकात घरातले म्हातारे तात्याजी पडदा उघडण्याआधीच गेलेले असतात. दिसतं ते दिवसांत जमलेलं घर आणि तेराव्याचा खर्च. मरणाचा प्रसंगच नाही, तरी म्हातारा शेवटपर्यंत घरातून हलत नाही.

भाषेतही लेखक सुटका शोधतो. ‘प्राणज्योत मालवली’, ‘अनंतात विलीन झाले’ हे शोकसंदेशाच्या चौकटीसाठी राहू द्या. मरणाला प्रत्येकाचा स्वतःचा शब्द असतो. डॉक्टर ‘एक्सपायर झाले’ म्हणतात, वॉर्डबॉयच्या तोंडी ‘बॉडी’, पंचनाम्यात ‘मयत’, शेजारीण ‘गेली हो बाई’ म्हणते आणि वर्षभर उशाशी बसलेली सून ‘सुटल्या’ म्हणते. त्या ‘सुटल्या’त कोण सुटलं, हे सांगायला लेखकाने मध्ये पडू नये.

लेखकाचं रडणं थांबवायचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याला कामाला लावणं. घरात माणूस गेलं की रडण्याआधी कामंच निघतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत मृतदेह ठेवायचा तर बर्फाच्या लाद्या किंवा शीतपेटी लागते, लादी वितळून पाणी बैठकीभर पसरतं आणि कुणीतरी पोती शोधत फिरतं. पुण्याहून मुलगा रेल्वेने यायचा तर रात्र जाते. ‘तासाभरात पोचला’ असं लिहाल तर विमानाचं तिकीट कुणी काढलं तेही सांगा. अपघात असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय मृतदेह हाती येत नाही. नागपुरात महाल भागातल्या माणसाला गंगाबाई घाटावर नेतात, धरमपेठेतल्याला अंबाझरी घाटावर. अस्थी रामटेकच्या अंबाळ्यात. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. हे सगळं कथेत यायला नको, तीन गोष्टी आल्या तरी पुरे. पण लिहिणाऱ्याला माहीत हवं, कारण बर्फ कुठून आणायचा या विवंचनेत असलेलं पात्र सुभाषितं बोलत नाही.

उरतं ते मेलेलं पात्र पुन्हा उगवण्याचं. मसुदे बदलताना प्रकरणं मागेपुढे होतात आणि सातव्यात गेलेली आजी नवव्यात दळण आणते. फाइलमध्ये नाव शोधावं, पण पूर्ण शब्द टाकू नये. ‘म्हातारा’ शोधलं तर ‘म्हाताऱ्याने’ निसटतो. ‘म्हाता’ एवढंच टाकावं, मग म्हातारीही येईल, ती वगळावी. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर युनिकोडमध्ये शोधून काहीच सापडत नाही, आधी तो बदलून घ्यावा लागतो. आणि जिथे नावच नाही तिथे डोळ्यांनीच वाचायचं. दिवस करून झाल्यावरही सकाळच्या चहाला पूर्वीइतकेच चार कप मांडलेले असतील, तर ते सुनेने चुकून मांडले की लेखकाने, एवढं बघून घ्यावं.

आपला,
एक कथालेखक
धरमपेठ, नागपूर