गुणोत्तराचा आलेख त्याच पाठात काढू द्या

महोदय,

नव्या अभ्यासक्रमानुसार शाळेची पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. गणिताच्या पुस्तकांचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यापर्यंत एक मागणी पोचावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. गुणोत्तराचा तक्ता, त्याचा आलेख आणि त्याचं समीकरण या तिन्ही गोष्टी मुलांना एकाच पाठात, एकाच उदाहरणावर शिकवा.

आजवर सहावीत गुणोत्तर आणि एकमान पद्धत, आठवीत चलन (एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते) आणि चलनाचा स्थिरांक (त्यात न बदलणारा आकडा), नववीच्या भाग १ मध्ये पुन्हा गुणोत्तर, आणि बिंदू मांडायला शिकवणारी निर्देशक भूमिती भाग २ मध्ये, अशी विभागणी राहिली. तोवर मुलं तिरकस गुणाकारात पटाईत झालेली असतात. तीन आकडे दिले की चौथा काढून मोकळी होतात. मुळात हे आकडे समप्रमाणात आहेत का, म्हणजे एक दुप्पट झाला की दुसराही दुप्पट होतो का, हा प्रश्न त्यांना पडतच नाही, कारण समप्रमाणाच्या पाठाखाली समप्रमाणाचीच गणितं असणार हे त्यांना ठाऊक असतं.

मी पालिकेच्या शाळेत गणित शिकवत असे. आता संध्याकाळी भांडुपला घरी काही मुलं येतात. मे २०२५ मध्ये बेस्टचं भाडं वाढलं, तेव्हा त्यांना घेऊन मी त्याचाच हिशोब मांडला. साध्या बसचं जुनं भाडं ५ किलोमीटरपर्यंत ५ रुपये, १० पर्यंत १०, १५ पर्यंत १५. नवं भाडं १०, १५ आणि २०. मुलं म्हणाली, ‘बाई, सगळ्यांना पाच-पाच रुपयेच वाढलेत, म्हणजे सारखंच झालं की!’ मग मी तक्त्यात आणखी एक रकाना आखायला सांगितला: भाडं भागिले अंतर. जुन्या भाड्याला तिन्ही ओळींत १ आला. नव्या भाड्याला २, मग १.५, मग १.३३.

त्यानंतर आलेख काढला. बसचं भाडं पायऱ्यापायऱ्यांनी चढतं, म्हणून प्रत्येक टप्प्याच्या टोकाचाच बिंदू घेतला. जुने तीन बिंदू एका रेषेत आले आणि पट्टी मागे सरकवली तर रेघ आरंभबिंदूतून, म्हणजे दोन्ही अक्ष मिळतात त्या शून्यातून गेली. नवे तीनही एका रेषेत, पहिल्या रेघेला समांतर, पण ही रेघ उभ्या अक्षाला ५ वर छेदते. समीकरणं लिहिली: आधी भाडं = अंतर, आता भाडं = अंतर + ५. त्या ‘+ ५’वर बोट ठेवून एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे जवळ जाणाऱ्याचं दुप्पट झालं, लांबच्याचं नाही!’ तिची आई घरकामाला बसने दोन-तीन थांबेच जाते. ५ चे १० म्हणजे दुप्पट, १५ चे २० म्हणजे एक तृतीयांशाने वाढ. भाडेवाढ योग्य की अयोग्य हा माझ्या पत्राचा विषय नाही. पण आपल्या घरावर कोणता बोजा किती पडला हे त्या मुलीला स्वतःला कळलं, आणि ते नुसत्या तिरकस गुणाकाराने कळलं नसतं. (२० किलोमीटरला २० चे ३० झाले, तिथे नवी रेघही मोडते. तेही मुलांनीच दाखवून दिलं.)

टॅक्सीच्या बाबतीत उलटं झालं. फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीला पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये, पुढे किलोमीटरमागे २० रुपये ६६ पैसे. मीटर नव्या दराला लावून घेईपर्यंत चालक जे दरपत्रक दाखवायचे, तो छापील तक्ताच आम्ही समोर घेतला. किमान भाडं आलं म्हणजे समप्रमाण नाही, असं मुलांनी ठरवूनच टाकलं होतं. एक किलोमीटरपुरतं ते बरोबरही आहे, कारण तेवढ्यालाही ३१च द्यावे लागतात. पण ३ किलोमीटरला ६२, साडेचारला ९३, सहाला १२४ असे आकडे मांडले, तर भागाकार दर वेळी २०.६७च्या आसपास. एका मुलाने चौकटीच्या कागदावर दीडपर्यंत आडवी रेघ काढली, पुढे तिरपी. तिरपीला पट्टी लावून ती मागे वाढवली तर थेट शून्यात उतरली! कारण दीड गुणिले २०.६६ म्हणजे ३०.९९. किमान भाडं हे निराळं काही नाही, दीड किलोमीटरचंच भाडं आहे, तेवढं गेलात किंवा नाही गेलात तरी द्यायचं. ३१ + २०.६६ × (अंतर − १.५) हा कंस सोडवला की ३१ जाऊन २०.६६ × अंतर आणि वर फक्त एक पैसा उरतो. रिक्षाला २६ रुपये आणि १७.१४ चा दर घेतला तर २९ पैसे उरतात. (सिग्नलला थांबल्याचे पैसे यात धरलेले नाहीत.)

तीन आकड्यांवरून चौथा काढायचं हे त्रैराशिक टाकून द्या असं माझं मुळीच म्हणणं नाही. फळ गुणिले इच्छा, भागिले प्रमाण (म्हणजे माहीत असलेलं भाडं गुणिले हवं ते अंतर, भागिले माहीत असलेलं अंतर) ही आर्यभटाने ४९९ साली सांगितलेली रीत आजही सर्वांत जलद आहे. पण ती कुठे लागू होते हे आधी पाहावं लागतं, आणि ते पाहायला रेघेइतकं सोपं साधन दुसरं नाही. सहावी-सातवीच्या मुलाला दोन अक्ष आखून बिंदू मांडणं जड जात नाही, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आलेखाची वही प्रत्येकाला परवडत नाही, हेही पाहिलं आहे. म्हणून पाठाच्या शेवटी चौकटींची दोन पानं पुस्तकातच छापावीत.

आणि परीक्षेत एक प्रश्न हवाच: दिलेला तक्ता समप्रमाणात आहे का ते आलेख काढून ठरवा, आणि असेल तर समीकरण लिहा. ज्याला गुण नाहीत ते वर्गात शिकवलं जात नाही. दिलेल्या तक्त्यांपैकी निदान एक समप्रमाणात नसलेला असावा, आणि तो कोणता हे मुलांना आधी सांगू नये.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, भांडुप, मुंबई