रविवारची समुपदेशन बैठक

सभासद बंधू-भगिनींनो,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता मंडळाच्या सभागृहात नवरा-बायकोंसाठी बैठक आहे. कुटुंब न्यायालयात समुपदेशक म्हणून काम केलेल्या ताई येणार आहेत. १९८४ च्या कायद्यानुसार हे न्यायालयसुद्धा आधी समेटाचा प्रयत्न करतं. मग आपण तिथवर गोष्ट जाईपर्यंत का थांबायचं?

• शक्यतो जोडीने या. एकटे आलात तरी चालेल.
• फोन बंद. इथलं बोलणं इथेच राहील.
• घरात मारहाण होत असेल तर रविवारची वाट पाहू नका, १८१ या महिला हेल्पलाइनवर लगेच फोन करा. अशा बाईला "जुळवून घे" असं कुणीही सांगू नये, ही कळकळीची विनंती.

मागच्या वेळी एक जोडपं दारात चपला काढून पुन्हा घालून परत गेलं. संकोच करू नका, आत या. नावं शुक्रवारपर्यंत सचिवांकडे द्या.