रविवारी बोलू, पण एका वेळी एकच

ती. आई-बाबा,
सा. न.

हे फोनवर नको होतं. फोनवर आईचा चेहरा दिसत नाही आणि बाबा मधेच "बरं, ठेवतो" म्हणतात.

आधी ठरलेलं सांगते. मी देव मानत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता मानत असल्यासारखं दाखवणार नाही. प्रार्थनेला तुमच्या शेजारी शांत बसेन, पण नुसते ओठ हलवणार नाही. इतकी वर्षं हलवत होते, त्यात फसवणूक तुमचीच होत होती. तुमचं काही चुकलेलं नाही. संस्कार कमी पडले वगैरे आई, मनातही आणू नकोस.

तुमचं काही बदलत नाही. प्रार्थनेची जागा तशीच राहील. तिथे पाठीला टेकू देणारी खुर्ची मात्र मी आणणार, कारण खालून उठताना आई गुडघा धरते आणि "काही नाही गं" म्हणते. बाबांना नेणं-आणणंही माझ्याकडेच.

आपलं बिनसतं कुठे सांगू? आपण तीन प्रश्न एकात कालवतो. देव आहे का, हा एक. धर्माने माणसाचं भलं होतं का, हा दुसरा. आपल्या घरात कोणी काय पाळायचं, हा तिसरा. आई विचारते, "कार्याला येशील ना?" हा तिसरा झाला. मी म्हणते, "देवच नाही तर कार्य कशाचं?" हे पहिल्याचं उत्तर. आईला ऐकू येतं, "तुझ्या बोलावण्याला किंमत नाही." तेवढ्यात बाबा, "धर्म नसता तर माणसं एकमेकांना खातील," म्हणून दुसऱ्यात शिरतात. पाच मिनिटांत तिघं तीन खोल्यांत! म्हणून एका बैठकीत एकच प्रश्न, आणि कुठला ते आधी मोठ्याने सांगायचं.

बाबा, तुम्ही 'नास्तिक' शिवीसारखं म्हणता. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. म्हणूनच ईश्वर न मानणारं सांख्यही आस्तिक दर्शनांत मोजतात. तेव्हा हा शब्द वापरण्याआधी समोरचा नेमकं काय नाकारतोय ते विचारा. 'हे कळूच शकत नाही' म्हणणाऱ्यांसाठी हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञाने 1869 मध्ये वेगळा शब्द काढला. आपण त्यांना अज्ञेयवादी म्हणतो. दादा बहुधा त्यातला आहे. त्याची उलटतपासणी त्याच्याकडेच करा.

तुमचं "मानायला काय जातं?" हे सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने मांडून ठेवलंय. अडचणी दोन: कुठला देव मानायचा, आणि ठरवून मानता येत नाही. दुसरी त्यालाही माहीत होती. तो म्हणे, आधी मानल्यासारखं वागा. ते औषध मी घेऊन झालंय, गुण आला नाही.

माझ्या बाजूचंही एक अस्त्र म्यान करते. रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1952 साली लिहिलं होतं: पृथ्वी आणि मंगळाच्या मधे चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरतेय असं मी म्हटलं, तर ती नाही हे तुम्ही सिद्ध करायचं का? पुरावा दावा करणाऱ्याने द्यावा, हे समजावायला किटली उत्तम. पण आई आजीबद्दल "ती आहे कुठेतरी" म्हणते तेव्हा ती दावा करत नसते. तिथे किटली काढणं दुष्टपणा आहे. तिथे मी फक्त जवळ बसणार, लहानपणी तापात तू बसायचीस तशी.

पद्धत अशी ठेवू. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, तो "हो, हेच" म्हणेपर्यंत. पहिल्या दोन वेळा चुकेलच. "का मानतेस?" विचारलं की माणूस वकिली करायला लागतो, "कशामुळे वाटायला लागलं?" विचारलं की आठवून बोलतो. 40 मिनिटं झाली की थांबायचं, मुद्दा अर्धा राहिला तरी. कार्याच्या दिवशी नाही, पाहुण्यांसमोर नाही, कोणी आजारी असताना तर नाहीच.

आणि तुम्ही न विचारलेलं. तुमच्यानंतरचं सगळं तुमच्या मनासारखं करेन. माझं मत त्यात आणणार नाही. पण "नेहमीचं कर" एवढ्याने भागत नाही, ऐनवेळी नातेवाईक चार तोंडांनी बोलतात. कुठले विधी, कोणी करायचे, कुठली प्रार्थना, काय नको, अवयवदान चालेल का, हे दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा. तारीख घाला, सही करा, एक प्रत दादाकडे द्या. घाई नाही, शंभरीनंतर लागेल. पण लिहा.

रविवारी अकराला येते. बाबा, रक्तदाबाची गोळी त्याआधी घ्यायची. आई, तू मधेच स्वयंपाकघरात पळायचं नाही. आणि पहिला प्रश्न तिसरा घेऊ, तो सोपा आहे.

तुमची,
छोटी