पाइप दुरुस्त करता करता पेटवायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

कड जळालेला, बुडाशी तडकलेला किंवा देठात मोडलेला, तंबाखू ओढायचा पाइप घेऊन जो कोणी तुमच्याकडे येतो, त्याला तुम्ही दुरुस्त पाइप नुसता हातात देत नाही. चिमूटभर तंबाखू पुढे सरकवता आणि म्हणता, "आता भरा, पेटवा, मला बघू द्या." त्याचा पाइप पुन्हा जळणार नाही याची ही सोय, म्हणजे तुमच्याच धंद्यावर पाणी. तरीही गिऱ्हाइकाची तिसरी काडी वाया जाईपर्यंत तुम्ही शांतपणे उभे राहता. तुमच्या टेबलाशी शिकलेल्या आम्हा सगळ्यांतर्फे हे आभार. पत्र उघड लिहायचं कारण असं की, तुम्ही सांगता ते मराठीत कुठे लिहिलेलं सापडत नाही. नवा माणूस जेट लायटर आणि धुराचे ढग बघून शिकतो आणि मग तंबाखूला चवच नाही म्हणून डबा बदलत राहतो.

तुमचं पहिलं शिकवणं आगीचं नव्हतंच, ओलीचं होतं. नवीन डब्यातला तंबाखू बहुतेक वेळा जास्त ओलसर असतो. चिमूट दाबून सोडली की गोळा तसाच राहिला तर ओला, सावकाश उलगडला तर बरोबर, कुरकुरून चुरा झाला तर फार वाळलेला. ही परीक्षा पाच सेकंदांची आहे, पण निम्मी चव तिथेच वाचते. पान ओलं असेल तर आधी पाणी उकळतं, मग पान जळतं. आग टिकत नाही म्हणून माणूस जोरात ओढतो, ओढल्याने निखारा तापतो आणि गरम वाफ थेट जिभेवर येते. जीभ पोळली की दोष तंबाखूला दिला जातो.

वाळवायचा तो कोऱ्या कागदावर, कारण वर्तमानपत्राच्या शाईचा वास पानाला लागतो. सुटा रिबन कट, म्हणजे बारीक पट्ट्यांत कापलेला, पंधरा-वीस मिनिटं, फ्लेक, म्हणजे दाबून चकत्या केलेला, मोकळा करून पाऊण तास ते तासभर. पण हे आकडे कोरड्या हवेचे. जुलैत मुंबईत किंवा कोकणात उघड्यावर ठेवलेला तंबाखू वाळायचा सोडून आणखी ओल धरतो. तिथे टेबलावरच्या दिव्याखाली, वीतभर अंतरावर, दहा मिनिटं पुरतात. मे महिन्यात विदर्भात तेवढ्याच वेळात त्याचा भुसा होईल. तव्यावर गरम करायचा मोह मात्र तुम्ही आम्हाला कायमचा सोडवलात. तव्यावर पाण्याबरोबर सुगंधी तेलंही उडून जातात. सुगंध घातलेल्या मिश्रणांत ओल धरून ठेवणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल बऱ्याचदा असतं. असा तंबाखू कितीही पसरला तरी बोटाला थोडा दमटच लागतो. त्याची वाट बघत बसू नये.

भरण्याबद्दल जगभरच्या पाइपवाल्यांत एक जुनं वाक्य आहे: पहिली चिमूट लहान मुलाच्या हाताने, दुसरी बाईच्या, तिसरी पुरुषाच्या. तुम्ही त्याला मोजमाप दिलंत. पहिली चिमूट वाटीत, म्हणजे पाइपच्या तंबाखू भरायच्या खोलगट भागात, नुसती पडू द्यायची, बाहेरून दोनदा टिचकी मारायची, बोट जवळजवळ लावायचंच नाही. दुसरी काठोकाठ घालून अर्ध्याच्या थोडी वर येईपर्यंत हलकी दाबायची. तिसरी कडेच्या वर येईल इतकी घेऊन कडेखाली तीनेक मिलिमीटरपर्यंत बसवायची. वरून बोट दाबून उचललं की पृष्ठभाग स्पंजासारखा थोडा वर यायला हवा. मग न पेटवता एक झुरका. शहाळ्यातलं पाणी नळीने ओढताना लागतो तेवढाच जोर लागला पाहिजे. मस्तानी ओढायला लागतो तेवढा लागला तर भरणी घट्ट झाली आहे. खाली घट्ट आणि वर सैल असा पाइप भरला गेला तर काहीही करून तो सुधारत नाही. सळईने टोचून वाट काढण्यापेक्षा सगळं कागदावर ओतून पुन्हा भरणं बरं. एवढं एक मान्य केल्याने आमच्या कितीतरी संध्याकाळी सुधारल्या.

आता काडी. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं, बऱ्याचदा गंधकही, आणि काडीच्या लाकडाला आग लवकर धरावी म्हणून मेण पाजलेलं असतं. ओढल्या ओढल्या ती पाइपवर नेली की पहिल्या झुरक्यात हे सगळं येतं आणि वरच्या थराला चिकटून बसतं. म्हणून काडी किंचित तिरपी धरून तीन सेकंद थांबायचं. गुलाचा भडका शमतो, ज्योत लाकडावर येते, पिवळी आणि संथ होते. तीच ज्योत कामाची.

ज्योत तंबाखूत खुपसायची नाही, वर अर्धा सेंटिमीटर धरायची. हलका झुरका घेतला की ती आपणहून खाली वाकते, सोडला की वर येते. असे तीन-चार झुरके घेताना ज्योत गोल फिरवत पूर्ण पृष्ठभागावरून न्यायची, मध्यभाग आणि कडेचा घेर दोन्ही. पानं फुलून वर उठतात, वळतात, काळी पडतात. इथे नवखा माणूस पाइप पेटला असं समजून ओढत राहतो आणि एका बाजूने भोक पडल्यासारखं जळत जातं. तुम्ही त्याला थांबवता. ही पहिली पेटवणी विझू द्यायची असते. वर उठलेला काळा थर टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या चपट्या दट्ट्याने, सपाट करायचा, पण टॅम्परच्या स्वतःच्या वजनाइतकाच दाब द्यायचा, हाताचा नाही. टॅम्पर नसेल तर चपट्या डोक्याचा स्वच्छ खिळा चालतो.

मग दुसरी काडी, पुन्हा तीन सेकंद, पुन्हा तेच गोल फिरवणं. या वेळी खाली कोळशाचा पातळ, सलग थर तयार असतो. कोळसा कमी ज्योतीत पेट घेतो आणि आग सगळीकडे सारखी पसरवतो, म्हणून जोराने ओढावं लागत नाही. पहिली पेटवणी वगळणारा माणूस हाच थर ओढून ओढून तयार करतो, आणि तेवढ्यात वरच्या तिसऱ्या हिश्श्याची चव संपलेली असते.

लायटरबद्दलही तुमचं मत स्पष्ट आहे. साध्या, मऊ ज्योतीचा ब्युटेन गॅसचा चालेल. पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या झुरक्यांत उतरतो. जेट लायटर सिगारसाठी ठीक, पाइपसाठी नाही, कारण त्याची टोकदार निळी ज्योत तंबाखूबरोबर ब्रायरची, म्हणजे पाइपच्या लाकडाची, कडही भाजते. कुठली बाजू काळी आहे ते बघून तुम्ही गिऱ्हाईक लायटर कुठल्या हातात धरतं ते ओळखता. भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीचं हे लाकूड उकळून, महिनोन्‌महिने वाळवून तयार होतं. उष्णता सोसायला ते समर्थ आहे, पण थेट ज्योत सोसायला नाही.

आग किती थोडी पुरते याचा पुरावा म्हणून तुम्ही सावकाश पाइप ओढण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियम सांगता. प्रत्येकाला ३ ग्रॅम तंबाखू, भरायला ५ मिनिटं, पेटवायला १ मिनिट आणि काड्या फक्त २. त्यानंतर पुन्हा पेटवायचं नाही. कसलेले स्पर्धक तेवढ्यावर तीन तासांपलीकडे जातात. तो खेळ आहे, रोजच्या ओढण्यात तसं करायची गरज नाही. पण ३ ग्रॅम दहा मिनिटांत संपवणाऱ्याने आपण नक्की काय चाखलं, हे स्वतःला विचारायला हरकत नाही.

कारण चव निखाऱ्यात नसते, निखाऱ्याच्या लगेच खालच्या, तापलेल्या पण अजून न जळलेल्या पानात असते. तिथली तेलं वाफ होऊन वर येतात. निखारा फार तापला की तो थरही तत्काळ पेटतो. व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूच्या पानात साखर जास्त, म्हणून तिला हा मार सगळ्यांत लवकर बसतो. सावकाश ओढली तर सुक्या गवताचा आणि गुळासारखा गोडवा, घाई केली तर जिभेवर नुसता चुरचुरीतपणा. धुरावर वाळवलेला लाताकिया तंबाखू अशा चुका बऱ्याच माफ करतो, म्हणून शिकाऊ माणसाला तुम्ही त्याचं थोडं मिश्रण देता. आम्हाला ही युक्ती फार उशिरा कळली.

मिनिटाला दोन-तीन छोटे झुरके पुष्कळ झाले. वाटी गालाला टेकवता आली नाही तर पाइप खाली ठेवायचा. विझला तर विझू द्यायचा. वरची सैल राख झटकायची, हलकं दाबायचं, पुन्हा पेटवायचं. पाइप विझणं ही चूक नाही, विझू नये म्हणून भाता मारल्यासारखं ओढणं ही चूक, हे तुम्ही प्रत्येकाला सांगता. गुडगुड आवाज आला तर तोंडाकडून पाइप क्लीनर, म्हणजे ओल शोषणारी लवदार तार, आत घालून ओल टिपायची.

आणखी एका गोष्टीचे आभार, जी तुम्ही कधी लपवली नाहीत. धूर छातीत घेतला नाही तरी तो तोंडात, घशात राहतो, कर्करोगाचा धोका राहतोच, आणि निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं. जो ओढत नाही त्याला तुम्ही पाइप विकत नाही, घरात मूल असेल तर घरात ओढू नका म्हणता. चवीबद्दल इतका जीव असलेल्या माणसाने हे सांगितलं म्हणून आम्ही ऐकलं.

राहिलं ओढून झाल्यानंतरचं. तळाशी उरलेला ओला तंबाखू काढायचा, क्लीनर फिरवायचा, पाइपला एक दिवस विश्रांती द्यायची. आतला कोळशाचा थर नाण्याच्या जाडीपेक्षा वाढला तर खरवडायचा, कारण तापल्यावर तो लाकडापेक्षा जास्त फुगून वाटी तडकवतो. लाताकियाचा पाइप वेगळा ठेवायचा, नाहीतर पुढचे कितीतरी दिवस व्हर्जिनियालाही धुरकट वास. आणि पाइप गरम असताना तोंडाची नळी देठातून ओढून काढायची नाही. तापलेलं लाकूड आणि नळी एकमेकांना घट्ट धरून असतात आणि नेमकं सांध्यात मोडतं. अलीकडे तुमच्याकडे मोडके देठ कमी येत असतील, तर ती आमच्याकडून थोडीशी परतफेड समजा.

आपले कृतज्ञ,
तुमच्या टेबलाशी काडी ओढून तीन सेकंद थांबायला शिकलेले सर्वजण