एक्का दिसला म्हणून चाल नको

महोदय,
दिवाळी आली की नाशिकच्या सोसायट्यांत तीन पत्तीचे डाव बसतात आणि हरणारा नशिबाला बोल लावतो. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात निघतात. जोडी (एकाच किमतीची दोन पाने) किंवा त्याहून वरचे फक्त ५,६६०. तरीही पाच जणांत, इतर चौघांपैकी एकाकडे तरी जोडी किंवा वरचा हात असण्याची शक्यता सुमारे ७० टक्के. तेव्हा जोडीही नसताना नुसत्या एक्क्यावर चाल, म्हणजे लावायची रक्कम, वाढवू नये. मात्र समोर एकटा ब्लाइंडवाला, म्हणजे पाने न पाहता खेळणारा, उरला, तर तोच एक्का निम्म्याहून अधिक वेळा जिंकतो. लोक नेमके तिथेच, पाने पाहिल्यावर ब्लाइंडच्या दुप्पट टाकायला लागतात म्हणून, घाबरून पॅक करतात, म्हणजे डाव सोडतात! पॉटमध्ये, म्हणजे मधल्या जमा रकमेत, ९० असताना ३० टाकायचे, तर जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून (१२० पैकी ३०) जास्त हवी. आधी घातलेले पैसे या हिशेबात धरायचे नसतात.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक