मांजराच्या गळ्यात घंटा बांधून भागत नाही

संपादक महोदय,

‘मांजराच्या गळ्यात घंटा बांधा, पक्षी आपोआप वाचतील’ हा एका वाचकाचा सल्ला आपल्या पत्रांच्या सदरात वाचला. घंटा बांधायची कोणी, हा पेच गोष्टीतल्या उंदरांना पडला होता. आमच्या घरी ती मीच बांधली. सात महिने बोका किणकिणत हिंडला आणि तेवढ्या काळात त्याने दोन सरडे, एक चिचुंद्री आणि एक चिमणी दारात आणून टाकली. पालींच्या शेपट्या मी मोजल्या नाहीत.

चिमणी जिवंत होती. पायपुसण्यावर उताणी पडलेली, एक पंख पसरलेला, चोच जराशी उघडी. छाती इतकी धडधडत होती की पोटावरची पिसे थरथरताना दिसत होती. रक्ताचा टिपूस नव्हता. बुटांच्या खोक्याला भोके पाडून तिला आत ठेवले. तासाभराने झाकण काढले, तर भुर्रकन उडून खिडकीच्या गजावर जाऊन बसली. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी कुंडीमागे ती मरून पडलेली दिसली.

आमच्या पशुवैद्यांनी नंतर कारण सांगितले. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला जातीचे जिवाणू असतात. सुळ्याची जखम सुईच्या टोकाएवढी असते, पिसांखाली ती दिसतही नाही, पण संसर्ग भिनून पक्षी एक-दोन दिवसांत दगावतो. म्हणजे मांजराच्या तोंडून सुटलेला पक्षी उडाला तरी वाचला असे नाही. त्याला अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्यायला हवे, चोचीत पाणी न ओतता. हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आता घंटेबद्दल. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर निरनिराळे उपाय करून पाहिले आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. घंटेने घरी येणाऱ्या शिकारीत म्हणावा असा फरक पडला नाही. दबा धरून बसलेले मांजर हलतच नाही, मग घंटा वाजणार कशी? गळपट्ट्यावर भडक रंगांचे कापडी आवरण घातल्यावर मात्र पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी घटली, कारण पक्ष्यांना रंग चांगले दिसतात. उंदरांवर त्याचा परिणाम झाला नाही. धान्य नसलेले, भरपूर मांस असलेले खाणे दिल्यावर शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली आणि रोज पाच-दहा मिनिटे मांजराशी खेळल्याने २५ टक्क्यांनी. खटपट करून खाणे बाहेर काढायला लावणाऱ्या खेळण्यांनी उलट शिकार वाढली. मी तसले एक हौसेने आणून ठेवले होते!

‘पोटभर खाऊ घाला, मग कशाला शिकार करील?’ असेही सांगितले जाते. पण मांजराची झडप भुकेवर अवलंबून नसते. भरल्या पोटी, जेवण अर्धे टाकून ते सरड्यामागे धावते. आणि ते आणून टाकते त्याला ‘भेट’ म्हणून कौतुकाने फोटो काढणाऱ्यांना तर काय म्हणावे! बहुधा शिकार सुरक्षित जागी आणायची, एवढाच त्याचा हिशेब असतो. त्यासाठी त्याला रागावणेही तितकेच निरर्थक.

आपल्याला दिसते तेवढीच शिकार असते, असेही नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले, तेव्हा मारलेल्यांपैकी जेमतेम पाव हिस्सा घरी आला. निम्मे तर जागीच टाकलेले होते. ‘आमची मनी महिन्याला एखादेच पाखरू आणते’ म्हणणाऱ्यांनी एकदा चारने गुणून पाहावे. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये मांडला गेला. त्यात मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे हे खरे, पण त्याआड पाळणाऱ्यांनी लपावे असे मला वाटत नाही. भटक्या मांजराला निदान पोटाचा प्रश्न असतो. आमच्या बोक्याला तो नाही.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे मांजर घरात ठेवणे. जन्मापासून घरात वाढलेले पिल्लू कुरकुर करीत नाही, पण बाहेरची चटक लागलेला बोका दार ओरबाडतो, हे मी अनुभवते आहे. म्हणून तूर्त पहाट आणि संध्याकाळ दार बंद. नुकती घरट्यातून उतरलेली पिल्ले आसपास भुईवर फडफडत असली की दिवसभर बंद. नसबंदी आधीच केली आहे, त्याने भटकणे कमी झाले.

घंटा काढून मी काठीला दोरीने बांधलेल्या चिंधीला लावली आहे. रोज संध्याकाळी दहा मिनिटे बोका तिच्यावर झेपावतो, आणि शेजारच्यांना वाटते आमच्याकडे आरती चालू आहे.

— एक वाचक