कोर्टात गेले होते, पण बघायला

टोकियो, सप्टेंबर

ती. आई-बाबांना
शि. सा. नमस्कार.

आई, आधी तुझं. माझ्यावर कसलीही केस नाही, व्हिसाचं सगळं नीट आहे. फोनवर 'कोर्टात गेले होते' म्हणाले ते नुसतं बघायला. इथे खटला चालू असताना कुणीही आत जाऊन मागे बसू शकतं. बॅग तपासतात, फोटो काढू देत नाहीत, एवढंच. पण पुढचं ऐकायच्या आत तू फोन बाबांकडे दिलास, मग दादाचा फोन, मग मावशीचा! म्हणून सगळं लिहून पाठवते. बाबांनी वाचून दाखवावं.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई आठवडाभर दिसली नाही. कुणी चौकशी केली नाही. परत आली तेव्हा रजेबद्दल माफी मागत प्रत्येकाच्या टेबलावर बिस्किटाची पुडी ठेवून गेली, सगळ्यांनी माना लववल्या, विषय संपला. पुढे एकदा जेवताना तिनेच मला सांगितलं, की ती एका फौजदारी खटल्यात न्यायाधीशांच्या मांडीला मांडी लावून बसून आली. तिचं नाव लिहीत नाही, तिच्या संमतीशिवाय ते जाहीर करणं इथल्या कायद्यात बसत नाही.

बाबा, तुमची हयात सातारच्या कोर्टात नाझर म्हणून गेली, तुम्हाला हे पटायला वेळ लागेल. 2009 च्या मेपासून इथे ही पद्धत आहे, साइबान-इन म्हणतात. मतदारयादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखी नावं निघतात. पुढच्या वर्षाच्या यादीत नाव आलं की नोव्हेंबरात घरी पाकीट येतं. खून, जाळपोळ, खंडणीसाठी अपहरण असे मोठेच गुन्हे. तीन न्यायाधीश आणि सहा साधी माणसं. दोषी की निर्दोष हे तर ठरवायचंच, वर शिक्षा किती तेही, अगदी फाशीसुद्धा. नऊपैकी पाच मतं 'दोषी' पडली तरी त्यात निदान एक न्यायाधीश हवा, नाहीतर माणूस सुटतो. तुम्ही नानावटी खटला रंगवून सांगायचात ना, ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं आणि न्यायाधीशांना ते पटलंच नाही? इथे तसं होत नाही, कारण नऊही जण एकाच बंद खोलीत बसून खल करतात. ज्यूरी इथेही होती, 1928 ते 1943, युद्धात गुंडाळली ती गुंडाळलीच. आणि तारीख पे तारीख नाही! वकिलांच्या बैठका होऊन वादाचे मुद्दे आधीच ठरतात, त्यात महिने जातात, पण एकदा सुरू झालं की शक्यतो रोज चालतं.

मला राहवेना म्हणून एक दिवस सुट्टी टाकून कासुमिगासेकीच्या जिल्हा कोर्टात गेले. मध्ये काळ्या झग्यातले तीन, दोन्ही बाजूंना तीन-तीन घरच्यासारख्या कपड्यांतले. ही माणसं आत यायच्या आधी आरोपीच्या बेड्या आणि कमरेची दोरी काढतात, बघूनच त्यांचं मत बनू नये म्हणून. केस एका मुलाची होती, आजारी म्हाताऱ्या आईला एकट्याने सांभाळणारा. एवढंच लिहिते. राखाडी स्वेटरमधल्या एका आजींनी त्याला हळूच विचारलं, "दिवसभरात तुम्ही स्वतः कधी जेवायचात?" वकिलांना सकाळपासून हे सुचलं नव्हतं. तो बराच वेळ गप्प होता. निकालाला मी गेले नाही, ऑफिस होतं.

मला अजब वाटतं ते पुढचं. बंद खोलीत कोण काय बोललं, कुणी कुठे मत दिलं, हे जन्मभर सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, मरेपर्यंत नाही. तोंड उघडलं तर सहा महिने तुरुंग किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. उघड्या कोर्टात जे झालं ते सांगता येतं, आपल्याला कसं वाटलं तेही सांगता येतं, पण खोलीतलं नाही. खटला चालू असताना आपण तिथे बसतो हे चारचौघांत जाहीरही करायचं नाही. घरी आणि रजेपुरतं साहेबाला, बस. आपली मावशी असती तर पहिल्या संध्याकाळी आत गेली असती. या बाईला मी विचारलं, जड नाही जात? ती म्हणाली, समुपदेशनाची सोय आहे, फोन करता येतो. केलास का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. भत्ता दिवसाला साधारण दहा हजार येनपर्यंत.

बाबा, सत्तरी उलटली की इथे नको म्हणता येतं. तुम्ही म्हणाला नसतात. आणि आई, मला बोलावणं येणार नाही, त्याला इथलं नागरिकत्व लागतं. ते मी घेणार नाही. काकूंनी गावभर काय केलंय ते मला कळलंय, त्यांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

मी वेळेवर जेवते. भूकंपाचं विचारू नकोस, परवाचा अगदीच हलका होता.

आता पैशांचं. येन घसरलाय, त्यामुळे या वेळी थोडे कमी पोचतील. पण गुडघ्याच्या ऑपरेशनचे वेगळे ठेवलेत, त्यात कपात नाही. दादाला सांग घराच्या हप्त्याचं मी बघते, फक्त दर वेळी फोनची सुरुवात हप्त्याने करू नकोस म्हणावं. ऑपरेशनची तारीख डॉक्टर म्हणतील ती घ्या, माझ्यासाठी अडवू नका. मी असते तर बरं झालं असतं, मला कळतं. वहिनी एकटी सगळं करते हेही कळतं. तिच्यासाठी वेगळे पाठवतेय, दादाला सांगू नका.

पुण्याच्या त्या मुलाशी बोलले नाही अजून. नंबर आहे, वेळेचं गणित जमत नाही. बरं, तेवढंच कारण नाही. पण नाही म्हणून कळवू नका, दिवाळीपर्यंत थांबा. दिवाळीला येणं कठीण दिसतंय, तेव्हा फोनवरच काय ते सांगेन.

तुमची,
सुमी

ता. क. बाबा, खात्याचा आयएफएससी कोड बदललाय का ते बँकेत विचारून कळवा, नाहीतर पैसे परत येतील.